बेलीफ आला म्हणतोय? आधी कागद बघा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या औशाच्या घरी दोघंजण आले, "कोर्टाचे बेलीफ आहोत" म्हणले (बेलीफ म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा, जप्तीला येणारा माणूस), खुंटीवरची किल्ली काढली आन् मोटरसायकल घेऊन गेले. मी कागद मागितलाच नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेबानं विचारलं नाव काय त्यांचं, कागद कुठाय, मला एक शब्द सांगता येईना. ते पतसंस्थेनं पाठवलेले वसुलीवाले निघाले, त्यांच्याकडं ना कोर्टाचं वॉरंट होतं ना काही. गाडी परत यायला चार महिने गेले. पेरणी सगळी लोकांच्या गाडीवर फिरून केली.

पासबुक, हप्त्यांच्या पावत्या, नोटिसा एका पिशवीत ठेवा, हे सांगायला नको. नोटीस परत पाठवू नका, त्यानं केस थांबत नाही, तुमच्या माघारी एकतर्फी निकाल होतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडं (सहकार खात्याचा अधिकारी) तारीख लागते, तिथं जाऊन लेखी म्हणणं द्याच, कारण एकदा वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा निबंधकाचा हुकूम) निघाला की पतसंस्थेचा वसुली अधिकारी दिवाणी कोर्टात न जाता जप्ती करू शकतो.

आता दारात कोणी आलं की आधी कागद. खऱ्या बेलीफाच्या वॉरंटवर कोर्टाचा शिक्का असतो, सही असते, काढल्याची तारीख असते आन् कोणत्या तारखेच्या आत बजावायचं तेही लिहिलेलं असतं. ती तारीख उलटून गेलीय का बघा, फोटो काढा. आवाज चढवू द्या, "साहेबाला फोन लावू का" म्हणू द्या, तरी आधी कागद. पतसंस्थेचा असेल तर वसुली दाखला आन् नेमणुकीचा कागद, बँकेचा एजंट असेल तर ओळखपत्र आन् बँकेचं पत्र. बँक, फायनान्सवाल्यांच्या एजंटानं सकाळी ८ च्या आधी आन् संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

बेलीफाला सूर्यास्तानंतर घरात शिरता येत नाही. पण दिवसा वॉरंट दाखवूनही तुम्ही दार अडवलं तर तो तुमच्या राहत्या घराचं दार तोडू शकतो, म्हणून अडवाअडवी, हाणामारी अजिबात नको, सरकारी कामात अडथळ्याची वेगळी केस लागते.

काय नेता येत नाही ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे: अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, आन् पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरं आन् बियाणं. त्या दिवशी आमच्या आईनं मंगळसूत्र पदराखाली झाकून धरलं होतं, हात थरथरत होता तिचा. मंगळसूत्र जप्त होत नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर तिला सांगितलं असतं. गहाण टाकलेल्या वस्तूचं मात्र वेगळं असतं, ते वकिलाला विचारा.

बाकी, नेलेल्या मालाची यादी घ्या, कोऱ्या कागदावर सही नको, पैसे दिले तर पावती. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बिगरपरवाना सावकार त्रास देत असेल तर सहायक निबंधकाकडं अर्ज.

आन् घरात म्हातारी माणसं, पोरं एकटी असतील तर त्यांनाही आजच सांगून ठेवा, कागद बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.