पाइन बार्कची बाटली घरात आली? आधी मागची बाजू वाचा

मावसभावाने न्यू जर्सीहून येताना बाबांसाठी पाइन बार्क एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे पाइन झाडाच्या सालीच्या अर्काची बाटली आणली, काका मेमरीसाठी एकदम बेस्ट आहे म्हणे, आणि बाबा लगेच गोळी तोंडात टाकायला तयार. म्हटलं थांबा जरा.

पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र असतं ते सोडून द्या, मागे बघा. साल कोणत्या झाडाची ते लिहिलंय का? ज्यावर जास्त अभ्यास झालाय ते पिक्नोजेनॉल नावाचं ब्रँडेड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या लांद भागातला मॅरिटाइम पाइन (शास्त्रीय नाव पायनस पिनास्टर), आणि त्यात प्रोसायनिडिन्स, म्हणजे सालीतले मुख्य घटक, ६५ ते ७५ टक्के ठेवलेली असतात. तुमच्या बाटलीवर नुसतं 'पाइन बार्क' असेल आणि टक्केवारी नसेल तर त्या अभ्यासांचे दाखले तिला लागू होतीलच असं नाही. आणि 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) लिहिलं असेल तर कशाचं किती मिलिग्रॅम तेच कळत नाही, मग ती मी तरी बाजूलाच ठेवतो.

मग हिशोब करा. ऑस्ट्रेलियात ६० ते ८५ वयाच्या १०१ जणांवर ट्रायल झाली होती, डोस रोज १५० मिलिग्रॅम, तीन महिने, आणि वर्किंग मेमरीत, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवण्यात, थोडा फरक दिसला. आता ५० मिलिग्रॅमच्या ६० गोळ्या असतील तर तेवढ्या डोसला बाटली वीस दिवसात संपते, किंमत त्यावरून काढा. आणि एका ट्रायलवर उड्या मारू नका, २०२० च्या कॉक्रन रिव्ह्यूने (अनेक ट्रायल्स एकत्र तपासणारा आढावा) पाइन बार्कच्या २७ ट्रायल्स तपासल्या, वेगवेगळ्या जुनाट आजारांवरच्या, आणि ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं.

अमेरिकेत विकतात म्हणजे एफडीएने (तिथली अन्न आणि औषध तपासणारी सरकारी संस्था) पास केलं असेल, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. १९९४ च्या कायद्यामुळे तिथे सप्लिमेंटला विकण्याआधी तशी मंजुरी लागतच नाही.

रक्त पातळ करायची, शुगरची, बीपीची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर बाटलीच डॉक्टरांना नेऊन दाखवा. आणि विसराळूपणा नवीनच असेल तर आधी बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, शाकाहारी घरात बी१२ कमी निघणं अगदी कॉमन आहे आणि त्यावर साधा इलाज आहे.

एवढं करूनही घ्यायचीच असेल तर दुसरं काही नवीन सोबत सुरू करू नका, सुरुवातीची तारीख कॅलेंडरवर लिहा, तीन महिन्यांनी घरच्यांनाच विचारा फरक वाटतो का, नसेल तर बंद.