सॅन फ्रान्सिस्कोत भिंतीवर म्युरल (मोठं भित्तिचित्र) करायचंय? मग परवानगीचं असं बघा

बे एरियातल्या मंडळींसाठी लिहितोय. पहिलं काम म्हणजे भिंत कोणाची आणि पैसे कोणाचे ते नक्की करा, कारण भिंत सिटीची असेल किंवा ग्रँट सिटीची असेल तर प्रपोजल आर्ट्स कमिशनकडे, म्हणजे सिटीच्या कला आयोगाकडे, जातंच. हे कमिशन 1932 पासून आहे. (सरकारी बांधकामाच्या खर्चातला 2% कलेसाठी ठेवतात, ते खातं वेगळं, त्यात गल्लीतलं म्युरल येत नाही.)

मग फाईल बनवा: रंगीत डिझाईन, भिंतीचे फोटो, मापं, आर्टिस्टची आधीची कामं, मालकाचं संमतीपत्र आणि शेजाऱ्यांची सपोर्ट लेटर्स. या लेटर्सना अजिबात हलक्यात घेऊ नका, समोरचा दुकानदार, शाळा, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांना स्केच दाखवा आणि त्यांचं म्हणणं खरंच ऐका, कारण रोज ते चित्र त्यांनाच बघायचंय. मिशन भागातली बामी ॲली ही म्युरल्सची गल्ली एकदा पायी फिरून या, वस्तीची गोष्ट भिंतीवर कशी येते ते तिथे कळतं.

फाईल आधी कमिशनची व्हिज्युअल आर्ट्स कमिटी बघते, मग पूर्ण कमिशन. मीटिंग खुली असते, कोणीही येऊन बोलू शकतं, तेव्हा आपली माणसं न्या.

मेंटेनन्सचं आधीच लिहून ठेवा. रंग उडाला, कोणी स्प्रे मारला तर कोण दुरुस्त करणार? वर अँटी-ग्राफिटी कोट मारायचा खर्च बजेटमध्ये धराच. आणि 1990 च्या केंद्रीय कायद्याने कलाकाराला आपलं काम विद्रूप होऊ न देण्याचा हक्क आहे, तो सोडून द्यायला सांगणारा कागद समोर आला तर नीट वाचूनच सही करा.