पुण्याच्या जुन्या बाजारात जी आय जो शोधायला जायच्या आधी

जी आय जो म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या फिगर. सगळ्यात आधी कोणतं खेळणं किती मोलाचं हे रँकिंग कसं करायचं ते घरी बसून ठरवा, बाजारात नाही, कारण खेळणं हातात आलं की डोकं बंद पडतं आणि पाकीट उघडतं. मी तीन रकाने करतो, कंडिशन, दुर्मिळपणा आणि आपली हौस, आणि या तिन्हीची बेरीज अजिबात करत नाही, नाहीतर लहानपणी हट्ट करून न मिळालेला स्केलेटॉर (ही-मॅन या तलवारवाल्या हिरोचा कवटीच्या तोंडाचा शत्रू) समोर आला की हौसेचे मार्क बाकी सगळं खाऊन टाकतात. कंडिशनला बाहेरचे लोक सी-१ (सगळ्यात वाईट) ते सी-१० (नव्यासारखा) स्केल वापरतात, पॅकबंद आणि लूज (पॅक उघडलेला) माल वेगळा धरतात, तेवढं पुरे. पेटीत सील करून नंबर देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्याही आहेत पण इथून पार्सल पाठवा, परत मागवा, कोण करणार.

शोधायचं काय हेही आधीच लिहून ठेवा. १९७८ चे केनर या अमेरिकन कंपनीचे स्टार वॉर्सवाले पुण्यात मिळतील अशा आशेवर जाऊ नका. आणि कुणी प्लॅस्टिकच्या केपवाला (झग्यावाला) जावा, म्हणजे स्टार वॉर्समधला बुटका, दाखवलाच तर जास्तच सावध राहा, तो केप सुरुवातीच्या थोड्याच मालावर होता, लगेच कापडाचा झाला, म्हणून दुसऱ्याचा केप कापून जावाला चढवायचा धंदा जगभर चालतो. आपल्याकडचा खरा माल म्हणजे फनस्कूलचे जी आय जो आणि लिओचे ही-मॅन, दोन्ही भारतात खेळणी काढणाऱ्या कंपन्या. देशी म्हणून नाक मुरडू नका हां, फनस्कूलने काही जी आय जो अमेरिकेत कधी निघालेच नाहीत अशा रंगांत काढलेत आणि बाहेरचे कलेक्टर तेच मागत असतात.

आता तपासायचं कसं. जी आय जो पावणेचार इंचाचा, पाठीत एक स्क्रू आणि पोटात काळी रबरी ओ-रिंग. उभा धरल्यावर पाय लुळे लोंबत असतील तर रिंग गेली, पण त्याचे मार्क मी कापत नाही, बोहरी आळीत रबराच्या दुकानात मापाची रिंग मिळून जाते (जुनी तुटकी सोबत न्या, तोंडी माप सांगून उपयोग नाही). अंगठे मात्र दोन्ही बघाच, बंदूक कोंबून कोंबून पहिले तेच मोडतात आणि ते परत येत नाहीत. मग मांड्यांच्या मधला जोड. आणि गुडघ्यात लालसर माती अडकलेली दिसली तर हा जी आय जो कुणाच्या तरी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांसोबत पहाऱ्याला होता समजा, ती धुऊन निघते. ही-मॅनची कंबर वळवून सोडायची, झटकन जागेवर आली तर स्प्रिंग जिवंत. पाठीवर किंवा पायावर कोरलेलं साल कॉपीराईटचं असतं, विक्रीचं नाही, त्यामुळे "दादा हे बघा १९८१ चं आहे" यावर भाव वाढवून देऊ नका.

पिशवीत छोटा टॉर्च, भिंग, झिपवाल्या पिशव्या, सुटे पैसे, आणि मोबाईलमध्ये प्रत्येक फिगरच्या मूळ हत्यारांचे फोटो, कारण तलवार एकाची आणि माणूस दुसराच हे तिथे नेहमीचं. बारीक स्क्रूड्रायव्हर असू द्या पण विकणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय पाठ उघडायची नाही. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, रविवारी गर्दी असते, बुधवारी जमत असेल तर बुधवारी जा. आणि त्याहून आधी नातेवाईकांचे माळे, खरंच, एक फोन करा मावशीला, भंगारवाल्याला जायच्या आधी.

घरी आणल्यावर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. स्टिकरवर पाणी नको, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर बिलकुल नको, रंगासकट जाईल. स्क्रू असलेला असेल तर खोलून पूर्ण वाळवा नाहीतर आतून गंजतो. काचेचं कपाट दक्षिणेच्या खिडकीसमोर ठेवू नका, पांढरं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं. मूळ पॅकिंगचं पुठ्ठ्याचं कार्ड असेल तर मे संपायच्या आत डब्यात सिलिका जेल टाका, आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी आधी पुठ्ठाच धरते. आणि वहीत नोंद त्याच दिवशी, कंडिशनचा रकाना भावाच्या आधी भरायचा.