वायरशार्कमधली वेळ सर्व्हरच्या लॉगशी जुळवताना

लॉगमध्ये एरर 08:42:10 ला आहे, पण वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट्स पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या वेळेला काहीच सापडत नाही. पॅकेट्स तिथेच असतात, फक्त 14:12:10 ला दिसतात. कॅप्चर फाइलमध्ये, म्हणजे पकडलेल्या पॅकेट्सच्या फाइलमध्ये, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली असते, पण ‘टाइम ऑफ डे’ निवडलं की वायरशार्क ती तुमच्या लॅपटॉपच्या टाइमझोनमध्ये दाखवतो. भारतात फरक साडेपाच तासांचा.

1. व्ह्यू मेनूत टाइम डिस्प्ले फॉरमॅटमध्ये जाऊन ‘यूटीसी डेट अँड टाइम ऑफ डे’ निवडा. लॉगही यूटीसीत आहे ना, तेवढं बघून घ्या.

2. तरीही दोन-चार सेकंदांचा फरक उरला, तर बहुधा कॅप्चर घेणाऱ्या मशीनचं किंवा सर्व्हरचं घड्याळ पुढेमागे आहे. दोन्हीकडे दिसणारी एकच रिक्वेस्ट शोधा. इथे नीट बघा: अपाचे हा वेब सर्व्हर रिक्वेस्ट आल्याची वेळ लिहितो, तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिक्वेस्ट पूर्ण झाल्याची. म्हणजे एनजिनएक्सची नोंद रिस्पॉन्सच्या शेवटच्या पॅकेटशी ताडायची. संथ रिक्वेस्टमध्ये हमखास घोळ होतो तो इथेच, म्हणून पटकन संपणारी रिक्वेस्ट घ्या.

3. एडिट मेनूत ‘टाइम शिफ्ट’ उघडून सगळ्या पॅकेट्सना तो फरक द्या. कॅप्चर 3 सेकंद पुढे असेल तर -3.

दोन मशीनवरची कॅप्चर्स अशी जुळवून त्यांच्यातला मिलिसेकंदांचा उशीर मात्र मोजू नका. टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदांपर्यंत दिसतो, पण घड्याळं तितकी जुळलेली नसतात. उशीर एकाच कॅप्चरमध्ये मोजा: टाइम डिस्प्ले फॉरमॅट कॅप्चरच्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांवर ठेवा आणि रिक्वेस्टवर कंट्रोल-टी दाबा, म्हणजे पुढच्या पॅकेट्सची वेळ तिथपासून मोजलेली दिसते.