होडीच्या नव्या साच्याला वॅक्स लावण्याआधी

फायबरच्या होडीचा नवा साचा पॅटर्नवरून (ज्या मूळ नमुन्यावर तो घडवतात त्यावरून) सुटला की शेडमधल्या सगळ्यांनाच जेलकोट (होडीचा सगळ्यात बाहेरचा रेझिनचा थर) मारायची घाई होते. पुढे माल, म्हणजे साच्यात घडवलेली होडी, साच्याला चिकटून बसला तर शिव्या वॅक्सला पडतात, कारण माल सुटावा म्हणूनच ते लावतात. पण खोट बहुतेक वेळा वॅक्सच्या खाली असते, म्हणून यादीतली निम्मीअधिक कामं डबा उघडण्याआधीची आहेत.

आधी साचा पुरता पिकलाय, म्हणजे त्यातलं रेझिन पूर्ण कडक झालंय का ते पाहा. साच्याजवळ गेल्यावर अजून स्टायरीनचा (रेझिनमधल्या द्रावकाचा) उग्र वास येत असेल तर तो कच्चा आहे, आणि कच्च्या जेलकोटवर वॅक्सचे कितीही हात दिले तरी पहिला माल अडकण्याची भीती राहतेच. बारकोल मीटर असेल तर कडकपणा मोजून रेझिनच्या डेटाशीटमधल्या आकड्याशी ताडून घ्या. वेळ नसेल तर ताडपत्रीचा तंबू करून डेटाशीट सांगेल तितकी ऊब द्या, पण साचा लोखंडी फ्रेमवर बसवलेला असतानाच. नुसता ठेवून तापवला तर वाकतो, आणि मग प्रत्येक होडी वाकडी.

पॅटर्नवरून आलेला पीव्हीए (माल सुटावा म्हणून फवारतात तो पातळ पापुद्रा) साच्यावर इथेतिथे उरलेला असतो. तो पाण्यात विरघळतो, तेव्हा स्वच्छ पाण्याने आणि स्पंजने धुऊन काढा. मग वॉटर पेपर: 600, 800, 1000, 1200, जमल्यास 1500. नंबर बदलला की घासायची दिशा बदला आणि मधे पाणी मारा, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण पुढे रेघोट्या ओढत राहतो. कंपाउंडने चमक आणल्यावर त्याचा चुरा कीलच्या (होडीच्या तळाच्या कण्याच्या) खोबणीत आणि फ्लँजच्या (साच्याच्या बाहेर वळलेल्या काठाच्या) कोपऱ्यात बसून राहतो. तिथे बोटावर फडकं गुंडाळून पुसा, नंतर तिरक्या उजेडात बॅटरी धरून पाहा. हवेने उडवायचं असेल तर कॉम्प्रेसरच्या लाईनला तेल-पाण्याचा फिल्टर आहे ना, हे आधी बघा.

सिलिकॉन असलेलं काहीही शेडमध्ये नको: गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश नको, बिजागऱ्यांचा स्प्रे नको, बाजारातलं कार वॅक्सही नको. ते लागलेल्या साच्यावर जेलकोट नीट पसरत नाही, फिशआय (गोल खळगे) पडतात, आणि सुटलेल्या होडीवर पुढे रंगही धरत नाही. फडकी पांढरी, सुती, धुतलेली आणि बटणं-शिवण काढलेली हवीत. लावायचं वेगळं, पुसायचं वेगळं, घोटायचं वेगळं. हातात नायट्राईलचे मोजे, कारण घामाचा हात ही कोकणात बाराही महिन्यांची अडचण आहे.

वॅक्स वापरायचं की सेमी-पर्मनंट (माल सुटवणारं द्रव रसायन), हे याच टप्प्यावर ठरवा. सेमी-पर्मनंट साच्याच्या पृष्ठभागाला धरून पिकतं आणि एकदा लावल्यावर बरेच माल काढून देतं. पण आधी वॅक्स लागलेल्या साच्यावर ते धरत नाही, तिथे वॅक्स मुळापासून उतरवावं लागतं. महिन्याला एखाददुसरी होडी काढणाऱ्या शेडने वॅक्सच वापरावं असं माझं मत आहे. चुकलं तरी निस्तरता येतं. मात्र कार्नोबा वॅक्स (साच्याच्या वॅक्समध्ये बहुधा हेच असतं) 80 ते 86 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. ओव्हनमध्ये 120 अंशांवर पिकवायच्या मालाला ते उपयोगाचं नाही. होडीतही कीलपाशी एकाच दमात मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) फार थर चढवले तर रेझिन स्वतःच तेवढं तापू शकतं. तिथे थर दोन-तीन वेळांत विभागून द्या.

आता डबा. नव्या साच्याला पाच-सहा हात तरी हवेतच. दोन-दोन फुटांचे चौकोन मनात धरा, गोल फिरवत पातळ लावा, डब्यावर लिहिलंय तितका वेळ थांबून पुसा आणि घोटा. जाड लावलेला हात जास्त टिकत नाही, नुसता पुसायला जड जातो. पुढच्या हाताआधी साधारण तासभर जाऊ द्या. आतलं सॉल्व्हंट उडालं नाही तर नवा हात जुन्यालाच विरघळवून उचलतो. शेवटचा हात संध्याकाळी देऊन रात्रभर ठेवलं तर उत्तम. सकाळी मास्किंग टेपचे तुकडे मधोमध, कोपऱ्यांत, फ्लँजवर दाबून पाहा. टेप जिथे धरेल तिथे अजून हात हवा. यानंतर ॲसिटोनचा ब्रश साच्यावर झटकायचा नाही. जिथे थेंब पडेल तिथलं वॅक्स गेलं.

होडी व्हॅक्युम इन्फ्युजनने (प्लॅस्टिकच्या बॅगखालची हवा ओढून रेझिन आत खेचण्याच्या पद्धतीने) करायची असेल तर बॅगची चिकटपट्टी जिथे बसणार ती फ्लँजवरची कड वॅक्सआधीच टेपने झाका. वॅक्स लागलेल्या जागी ती पट्टी धरत नाही, मग गळती शोधण्यात दिवस जातो.

पहिल्या काही मालांना वॅक्सवर पीव्हीएही मारा. चमक थोडी कमी होते, पण नव्या साच्यासाठी तो विमा आहे. आधी नुसता शिडकावा, तो चिकटसर झाला की भरीव फवारा. खोबणीत तळं साचू देऊ नका: वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि जेलकोटला सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात पीव्हीए वाळायला फार वेळ लागतो आणि छपराच्या पत्र्यावरून पडलेला एक थेंबही त्याला भोक पाडतो. ज्या दिवशी साचा हाताला दमट लागतो त्या दिवशी पीव्हीए मारूच नका.

जेलकोट कालवण्याआधी होडी सोडवायची सोय बघून ठेवा. साच्याच्या तळाशी हवेचा निपल असेल तर त्याचं आतलं तोंड टेपच्या गोल तुकड्याने बंद करा आणि त्यावरही वॅक्स-पीव्हीए द्या. पाचर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची हवी, स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हाताला लागेल असा ठेवू नका. पाण्याचा पाईप साच्याच्या काठापर्यंत पोचतो का तेही पाहा. कड सुटली की फटीत पाणी सोडायचं, म्हणजे पीव्हीए विरघळत जातो आणि होडी खालून उचलली जाते.