पवनचक्कीचं पातं रडार-ड्रोनने कसं तपासावं

पात्यावरचा तडा कॅमेऱ्याला दिसतो. आत सुटलेला जोड किंवा मुरलेलं पाणी दिसत नाही. फायबरग्लासमधून रडारच्या लहरी आत शिरतात, म्हणून हा खटाटोप. पात्यातला मुख्य पट्टा कार्बन फायबरचा असेल तर लहरी तिथूनच माघारी येतात आणि मागचं काही कळत नाही. तेव्हा आराखडा आधी मागवा.

रडार 77 ते 81 गिगाहर्ट्झचंच घ्या. एवढ्या 4 गिगाहर्ट्झ बँडविड्थला (लहरींच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीला) हवेत 3.75 सेंमी, फायबरग्लासमध्ये साधारण 1.9 सेंमी अंतरावरचे थर वेगळे ओळखू येतात. 24 गिगाहर्ट्झचं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण त्याच्या 250 मेगाहर्ट्झ बँडविड्थला हाच आकडा 60 सेंमी होतो. ते पैसे पाण्यात.

साताऱ्याला चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर निघण्याआधी नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या शेडमध्येच एक मुद्दाम बिघडवलेला नमुना करा. फायबरग्लासच्या दोन शीट चिकटवताना मध्ये तळहाताएवढी जागा कोरडी सोडा, शेजारी पाण्याची सीलबंद पिशवी ठेवा. पाणी लख्ख दिसेल. एक मिलिमीटरची फट मात्र वेगळी रेघ म्हणून कधीच दिसत नाही. तिथल्या सिग्नलचा जोर आजूबाजूपेक्षा बदलतो, एवढंच. ही नजर बसल्याशिवाय उड्डाण नको. बाहेर उडवायचंच असेल, तर नवी मुंबईत विमानतळ असल्याने डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी पाहा.

पठारावर पावसाळा हा वाऱ्याचा हंगाम. चक्की थांबवून मिळते ती हिवाळ्यात. सकाळी पात्यावर दव असतं आणि पाण्याचा पातळ थरही आतलं झाकून टाकतो. ऊन चढू द्या. पातं सरळ खाली आणून रोटर लॉक करा, म्हणजे ड्रोनला हबच्या (पाती जोडलेल्या मधल्या भागाच्या) वर जावं लागत नाही.

पात्यापासून 4 मीटर अंतर ठेवा. 10 अंशांच्या बीमचा ठसा तिथे 70 सेंमी पडतो. वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे 40 मीटरच्या पात्याला एका फेरीत 80 सेकंद. सेंटिमीटरला एक नोंद हवी, म्हणजे सेकंदाला किमान 50. आम्ही 200 ठेवतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ड्रोनच्या डुलण्यामुळे. लहर 4 मिलिमीटरपेक्षा लहान, ड्रोनची जागा सांगणाऱ्या आरटीकेची (सुधारित जीपीएसची) अचूकता एक-दोन सेंटिमीटर. नुसत्या त्या नोंदींवर चित्र फिसकटतं. पात्याच्या पृष्ठभागाचाच प्रतिध्वनी धरून डुलणं वजा करा. टोकाजवळचा, आकाशातली वीज झेलणारा धातूचा ठिपका पाहा: तो लांबट फरांटा दिसला, तर फोकस अजून चुकलेला आहे. पात्यामागचा टॉवरही जोरदार उमटतो, त्याला दोष समजू नका.

संशयाची जागा दुसऱ्या बाजूनेही स्कॅन करा. तरीही खूण राहिली, तर पात्याच्या मुळापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहून दोराला लटकून पातं तपासणाऱ्या माणसाला द्या. त्याने हलक्या हातोडीने ठोकून बद्द आवाज येतो का ते ऐकावं.