बुलेट जर्नल सुरू करताय? आधी या चुका टाळा

बुलेट जर्नल म्हणजे रोजची कामं, भेटीगाठी, नोंदी छोट्या खुणा घालून एकाच वहीत लिहायची पद्धत. ती शिकायला दर डिसेंबरात कुणी ना कुणी कोरी वही घेऊन माझ्याकडे येतं. कधी ऑफिसातली मुलगी, कधी सोसायटीतल्या काकूंची सून, गेल्या वर्षी माझी भाची. वही छान असते, पेनं त्याहून छान असतात. फेब्रुवारीत विचारलं की उत्तर ठरलेलं: "चालू आहे, पण थोडी मागे पडलीये." मागे पडलीये म्हणजे बंद पडलीये. मी सात वर्षं ही वही लिहितेय आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष साफ वाया घालवलंय, त्यामुळे लोक नेमकी कुठे माती खातात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आख्खं वर्ष आधीच आखून ठेवणं

भाचीचीच गोष्ट सांगते. दिवाळीच्या सुटीत तिने अप्पा बळवंत चौकातून ओळींऐवजी ठिपके छापलेली वही आणली, ब्रश पेनं ऑनलाइन मागवली, तुळशीबागेत फिरून रंगीत टेपा गोळा केल्या. मग पंधरा दिवस खपून बारा महिने आखले. जानेवारीला पतंग, जुलैला छत्र्या, सप्टेंबरला मोदक. दर महिन्याला सवयींचा तक्ता वेगळा: पाणी, झोप, चालणं, वाचन, मोबाइल कमी, साखर बंद... अठरा रकाने मोजले मी. १९ जानेवारीला वही घेऊन आली तेव्हा तक्ता ६ तारखेपर्यंत भरलेला होता आणि पुढे पांढरंशुभ्र. तेवढ्यात कॉलेजच्या सबमिशनच्या तारखा लागल्या होत्या. त्या कुठे लिहिल्यास, विचारलं. तर एक पिवळी चिठ्ठी, पतंगावर चिकटवलेली.

"अगं, पानावर का नाही लिहिलंस?"

"मावशी, पान खराब होईल ना!"

संपलं. ज्या वहीत लिहिलं की ती खराब होते, ती वही लिहायची नसते, शोकेसमध्ये ठेवायची असते.

ही पद्धत काढणारा रायडर कॅरल हा ब्रुकलिनमधला डिझायनर. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, म्हणून स्वतःपुरती जुळवत आणलेली ही युक्ती त्याने २०१३ मध्ये लोकांपुढे मांडली. त्यात वेली नाहीत की मोदक नाहीत. आजची तारीख घालायची, खाली कामं लिहायची. आजचं संपलं की तिथेच खाली उद्याची तारीख. एखाद्या दिवशी तीन ओळी होतील, एखाद्या दिवशी दीड पान.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांची रोजकीर्द अशीच चालायची. लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचं स्वस्तिक, वर 'श्री', आणि दुसऱ्या दिवसापासून गूळ, शेंगदाणे, उधारी. पुढच्या पाडव्याला कोण किती उधारी करणार याची पानं कुणी आधी आखून ठेवत नाही.

मी काय करते: महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी चहा घेऊन बसते आणि पुढचा एकच महिना आखते. डाव्या पानावर १ ते ३० तारखा उभ्या, शेजारी वाराचं अक्षर. उजव्या पानावर त्या महिन्याची कामं. दहा मिनिटं लागतात. चित्र काढायची हौस असेल तर महिना संपल्यावर उरलेल्या जागेत काढा, माझी काही हरकत नाही.

इंग्रजी खुणा मराठी अक्षराला तशाच लावणं

हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मूळ पद्धतीत कामाला ठिपका, भेटीगाठी-कार्यक्रमाला पोकळ गोल, नुसत्या नोंदीला आडवी रेघ. रोमन लिपीत ठीक आहे. आपल्याकडे ती आडवी रेघ शिरोरेषेच्या उंचीवर पडली की पुढच्या शब्दाला जाऊन चिकटते, आणि महिन्याभराने 'आईला' शब्दाची रेघ एवढी लांब का असा प्रश्न पडतो. गोलाचं तर विचारूच नका. '० ५ वाजता डॉक्टर' हे घाईत वाचलं की पाच मिनिटांचं कोडं होतं. ठिपका वर गेला तर अनुस्वार.

मी चौकटीची शाळेतली वही वापरते. खूण पहिल्या चौकोनात, तळाशी. दुसरा चौकोन रिकामा. शब्द तिसऱ्यापासून. कार्यक्रमाला गोलाऐवजी छोटा त्रिकोण काढते. काम झालं की ठिपक्यावर फुली, पुढे ढकललं की उजवीकडे तोंड केलेला बाण, लांबच्या महिन्यात टाकलं की डावीकडे. एवढं पुरतं. पहिल्याच दिवशी बावीस खुणांची यादी करणाऱ्यांनी ती पाठ करून दाखवावी.

उतरवून न घेणं

ही माझी स्वतःची चूक आणि ती महागात पडली. पहिल्या वर्षी मला वाटलं, जुनी कामं दर महिन्याला पुन्हा हाताने लिहायची म्हणजे शुद्ध वेळखाऊपणा. लिहिलंय ना एकदा? वही तीच आहे, मागची पानं उलटली की दिसेलच. पुढच्या महिन्यांसाठी वेगळी पानं ठेवतात, तीही वगळली.

ऑगस्टात आत्याचा फोन आला, बोलण्यात पेन्शनसाठी बँकेत द्यायच्या हयातीच्या दाखल्याचा विषय निघाला. मी त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: 'आईचा हयातीचा दाखला, नोव्हें.' ऑक्टोबरात वही संपली. नवी वही आणल्याच्या उत्साहात शेवटच्या दोन आठवड्यांची कामं उतरवली आणि जुनी कपाटात ठेवून दिली. नोव्हेंबर आला, गेला. डिसेंबरअखेर आईची पेन्शन जमा झाली नाही. आई चार वेळा चष्मा पुसून मोबाइल बघत होती, आणि मी तिला सांगत होते की बँकेचंच काहीतरी चुकलं असणार. मग एकदम ते ऑगस्टचं पान आठवलं. कपाट उघडलं. सुवाच्य अक्षरात, ठिपक्यासकट, होतं तिथे.

जानेवारीत आईला रिक्षात घालून बँकेत नेलं. अंगठा लावायला दहा मिनिटं लागली, रांगेत दोन तास गेले. अडकलेले पैसे नंतर मिळाले. पण परत येताना आई जे म्हणाली ते मिळालेल्या पैशांनी फिटलं नाही: "कालनिर्णयावर लिहिलं असतंस तर नोव्हेंबरचं पान काढल्या काढल्या दिसलं असतं."

खरं होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात दूध कधी नको, गॅस कधी लावला, भिशी कुणाकडे हे सगळं त्या-त्या महिन्याच्या पानावर असतं आणि पान उलटलं की समोर येतं. मी एवढं साधं वगळलं होतं.

तेव्हापासून वहीच्या सुरुवातीलाच दोन समोरासमोरची पानं, प्रत्येकाचे आडवे तीन भाग, म्हणजे सहा महिने. लांबची तारीख कानावर पडली की तिथे. आणि महिनाअखेरीला ती चहाची संध्याकाळ आहेच, त्यातला निम्मा वेळ मागची पानं चाळण्यात जातो. एकेका उघड्या ठिपक्यापाशी थांबायचं: पुढच्या महिन्यात न्यायचं, लांब टाकायचं की खोडायचं?

हाताने उतरवायचा कंटाळा येतो? यावाच. त्या कंटाळ्यानेच गाळणी लागते. 'माळ्यावरचा टेबलफॅन दुरुस्त करणे' हे मी पाच महिने इमानेइतबारे उतरवलं, सहाव्या महिन्यात लिहायचा इतका वैताग आला की पंखा भंगारवाल्याला दिला. आता तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली की काम करते किंवा खोडते. 'मी पानाचा फोटो काढून ठेवते ना' म्हणणाऱ्यांनी आपल्या फोनमधले असले फोटो शेवटचे कधी उघडले ते आठवून बघावं.

बाकीच्या, पटापट

पानांना आकडे न घालणं. रोजकीर्दीत 'खा. पा.' (खाते पान) म्हणून रकाना असतो, ही रक्कम खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, कुठल्या पानावर गेली ते सांगणारा. इथेही तेच. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडा आणि घरदुरुस्ती, ट्रेकची यादी, पुस्तकं असलं जे पान उघडाल त्याचा आकडा त्याच वेळी तिथे चढवा. रविवारी एकदम घालीन म्हणणाऱ्याचा रविवार येत नाही.

निबंध लिहिणं. आपल्याला सवयच आहे. 'मुन्शिपाल्टीत जाऊन मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव दुरुस्त करून घेण्याबाबत चौकशी करणे' याऐवजी 'टॅक्स पावती, नाव' पुरे.

महागडी वही. पहिली वही शंभर पानी घ्या, संपवा, मग बोलू. जूनमध्ये घ्यायला जाऊ नका, शाळांच्या गर्दीत दुकानदार तुमच्या ठिपक्यांकडे बघणारही नाही.

ब्रश पेन पातळ कागदावर. शाई पलीकडे उमटते, पाठची बाजू बाद. साधं बॉलपेन घ्या. जेल पेनचा शौक असेल तर जुलैत वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच डिकीत टाका. माझं एक आख्खं आषाढ कर्वे रोडवर वाहून गेलंय.

सवयींचे अठरा रकाने. तीन.

वही आणि फोन दोन्हीकडे तेच लिहिणं. वाजायला हवं ते फोनमध्ये, म्हणजे गोळी, गाडीची वेळ, कुकर. बाकी वहीत.

दोन दिवस चुकले म्हणून नवी वही सुरू करणं. तारीख घाला, पुढे लिहा. मधली जागासुद्धा सोडू नका.

आणि चौथ्या दिवशी 'फरक जाणवत नाहीये' असा मेसेज करणं. त्याला मी उत्तर देत नाही. महिनाअखेरीला किती कामं खोडलीत आणि किती पुढे उतरवावी लागली, ते दोन आकडे पाठवा, मग बघू.